लेपाभोवतीचं वर्तुळ

४ जून

प्रिय चिमटे,

अनेक आशीर्वाद. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. पत्रात निदान एकदा सुरू झालं की मधे कुणी तोंड घालत नाही.

विषय गंभीर आहे. उभ्याने वाचत असशील तर बस.

आमच्या गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली आहे. वय तुझ्याएवढं, चष्मा माझ्यापेक्षा जाड. परवा मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले, तर बाकावरच्या वीस माणसांसमोर मला म्हणते, "आजी, तो काळा लेप देणाऱ्या त्या तुम्हीच ना? कृपा करून लोकांच्या उघड्या जखमांवर ते डांबर थापू नका."

डांबर! माझ्या सासूबाईंनी जाताना कानात सांगितलेला लेप, आणि तो डांबर! आणि आजी कुणाला म्हणते? मला अजून एकसष्ट पुरी नाहीत.

मी म्हटलं, "चाळीस वर्षं लावतेय. एकही माणूस तक्रार घेऊन परत आला नाही." तर म्हणते, "जे परत येऊच शकले नाहीत, त्यांचं काय?" अख्खा बाक हसला. कंपाउंडर तर गोळ्या मोजायचा थांबून हसला. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही.

आता तुझं काम ऐक. तू मोठ्या इस्पितळात जंतूंच्या खोलीत नोकरीला आहेस ना? सोबत लेपाची डबी पाठवते आहे. तो जंतूंवर घाल, ते मरताना बघ आणि छापील कागदावर, शिक्क्यासकट, तसं लिहून पाठव. मी तो कागद त्या बाईच्या टेबलावर ठेवीन आणि एक अक्षर न बोलता परत येईन. (हे दुसरं कितपत जमेल, बघू.)

हवं तर पुरावाही आहे. शेजारच्या शिंप्यांच्या उजव्या अंगठ्यातून मशीनची सुई आरपार गेली. पंधरा दिवस रोज संध्याकाळी येतात, मी लेप लावून पट्टी बांधते. बायको जाऊन बारा वर्षं झाली त्यांची, बघणारं कुणी नाही. आता जखम सुकत आली आहे. मला वाटतं, चार दिवसांत "यापुढे यायची गरज नाही" असं सांगता येईल.

तुझ्या बाबांना सांग, बहीण जिवंत आहे.

तुझी,
आत्या


११ जून

प्रिय आत्या,

सा. न.

छापील कागद मिळणार नाही, शिक्का तर नाहीच. तो माणसांच्या तपासणीसाठी असतो, आत्यांच्या भांडणांसाठी नसतो. पण डबी मी टाकून दिली नाही. आमच्या मॅडमना विचारलं. मला वाटलं, ओरडतील. त्या म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीत कर, आणि मलाही दाखव."

आधी आम्ही काय करतो ते सांगते, म्हणजे निकाल वाचून तू थेट बाबांना फोन करणार नाहीस. आमच्या प्लेटमध्ये जेलीसारखा थर असतो. त्यावर कापसाच्या काडीने जंतू सारवायचे, अंगण सारवल्यासारखे: आडवे, उभे, तिरके, कुठे कोरी जागा राहता कामा नये. मग चिमट्याने कागदाच्या चकत्या ठेवायच्या. वहीला भोकं पाडल्यावर खाली पडतात ना, तेवढ्या. प्रत्येक चकतीत एकेक औषध मुरवलेलं. प्लेट उलटी करून रात्रभर उबदार कपाटात ठेवली की सकाळी सगळीकडे जंतूंचा गालिचा. ज्या औषधापुढे त्यांचं काही चालत नाही, त्या चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल मोकळा. तो गोल पट्टीने मोजायचा आणि तक्त्याशी ताडून डॉक्टरांना कळवायचं: हे द्या, हे देऊन उपयोग नाही.

तर मी एक कोरी चकती तुझ्या लेपात बुडवली आणि आमच्या पाळीव जंतूंवर ठेवली. (हो, पाळीव. दर आठवड्याला त्यांच्यावर आम्ही आमचीच परीक्षा घेतो.)

निकाल: सहा मिलिमीटर.

थांब, नाचू नकोस. चकतीच सहा मिलिमीटरची असते. वर्तुळ पडलंच नाही की सहा लिहायचे. जंतू तुझ्या लेपाला खेटून असे उभे होते की जणू कुंपणाला टेकून गप्पा मारत आहेत.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. तुझा लेप तेलकट आहे आणि आमचा थर पाणीदार. तेलातलं औषध त्यात पसरतच नाही. त्यामुळे लेप नापास झाला असं म्हणता येणार नाही. परीक्षेला बसलाच नाही, एवढंच.

शिंपीकाकांना मात्र त्या डॉक्टरीणबाईंना दाखवून यायला सांग. पंधरा दिवस फार झाले.

तुझी,
चिमटी


१५ जून

चि. चिमटीस,

सहा म्हणजे शून्य, तर शून्य लिहायला शाई संपली होती का? असला हिशेब माझ्या वर्गात मांडला असतास तर बाकावर उभी केली असती.

आणि काय गं, पाळीव जंतू! तुमच्याकडचे जंतू खाऊनपिऊन गब्बर झालेले. इथले जंतू बघ, कष्टाचे आहेत.

तेलाचं म्हणतेस तर नवी डबी पाठवते आहे. हा पाण्यात खललेला आहे. सध्या मी हाच वापरते. आता याला बसव परीक्षेला.

आमच्या शिंप्यांचा अंगठा बरा आहे. म्हणजे होतोय. सुकत आला होता, मी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंसुद्धा, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा ओला! परत सुकला, परत ओला. हवेचा परिणाम असेल. डॉक्टरणीकडे जा म्हटलं तर म्हणतात, "तुमच्या हाताला गुण आहे, तिकडे कशाला?" आता यावर माणसाने काय बोलावं?

आत्या

ता. क. डबीचं झाकण घट्ट आहे. लहानपणी करायचीस तसं दातांनी उघडू नकोस.


२३ जून

आत्या गं!

घाईत लिहिते आहे. एकतीस! एकतीस मिलिमीटर! प्लेटमध्ये तुझ्या लेपाभोवती पूर्ण चंद्राएवढा गोल आहे, शेजारच्या औषधांची वर्तुळं त्याच्यापुढे लाजतायत. मी तीनदा मोजलं, उजेडाकडे धरून, काळ्या कागदावर धरून. माझी आत्या, आणि एकतीस!

मी उगाच शंका घेतली. कान पकडते. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार, त्या असतील तिथे.

तुझी लाडकी,
चिमटी


२७ जून

प्रिय चिमटे,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्याने. छापील कागद देत नव्हतीस ना? नको देऊस. तुझ्या हाताने लिहिलेलं मला शिक्क्याच्या जागी आहे. चौकटीत घालून दाराबाहेर, घंटीच्या वर लावलं आहे. खाली शिंप्यांनी कापडाची पट्टी शिवून दिली: "मोठ्या इस्पितळात तपासलेला." डाव्या हाताने शिवली बिचाऱ्यांनी, टाके नागमोडी आहेत.

काल दारात अकरा माणसं उभी होती. कंपाउंडरची सासूसुद्धा! डॉक्टरीण समोरून गेली, थांबली, चष्मा वर करून सगळं वाचलं आणि काहीच न बोलता गेली. चिमटे, तिचं ते गप्प बसणं मी जन्मभर विसरणार नाही.

आत्या


२७ जून

आत्या,

माझं २३ तारखेचं पत्र कुणाला दाखवू नकोस. दाखवलं असशील तर परत घे. चुलीत घाल.

झालं ते असं. मी नाचत नाचत प्लेट मॅडमकडे नेली. त्यांनी बघितली, मान हलवली आणि म्हणाल्या, "झाडपाल्याला एकतीस मी तीस वर्षांत पाहिले नाहीत. हाच लेप आता कपाटातल्या त्या दुसऱ्या जंतूवर लाव." आमच्याकडे एक पक्का निर्ढावलेला जंतू आहे. एका ठराविक घराण्याच्या गोळ्यांना तो भीक घालत नाही, बाकी औषधांनी मुकाट्याने मरतो. त्याच्यावर लेप लावला, शेजारी त्या घराण्याच्या गोळीची चकती ठेवली.

लेप: सहा. चकती: सहा.

मग मी आणखी दोन जंतूंवर लावून पाहिला. जिथे चकतीला मोठं वर्तुळ, तिथे लेपाला मोठं. जिथे तिला लहान, तिथे याला लहान. दोघं जुळ्या बहिणींसारखे वागतात.

आत्या, सासूबाईंनी तुझ्या कानात मेडिकलच्या दुकानाचा पत्ता सांगितला होता का?

मॅडमनी मला एकच वाक्य विचारलं: "हे तू लेखी कुणाला कळवलं नाहीस ना?" मी "नाही" म्हणाले. नोकरीला आठ महिने झालेत माझ्या, आणि हे माझं पहिलं खोटं.

खरं काय ते सांग. आणि आधी हे सांग, हा लेप कुणाकुणाला लावलास?

चिमटी


१ जुलै

चिमटे,

चौकट उतरवली आहे. दारातल्या लोकांना सांगितलं, लेप संपला. पाण्यातला लेप फक्त एकाच माणसाला लावला होता, बाकीच्यांना जुनाच तेलकट दिला. तेवढं बरं केलं देवाने.

हो. गोळ्या आहेत. गेल्या वर्षी माझी दाढ सुजली तेव्हा दिलेल्या. तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून बाकीच्या डब्यात राहिल्या होत्या. त्या खलल्या आणि लेपात घातल्या.

तुला वाटत असेल, म्हातारीने पास होण्यासाठी कॉपी केली. अर्धं तसं आहे. पण गोळ्या तुझ्या दुसऱ्या परीक्षेच्या आधीच पडल्या होत्या लेपात. त्यांचा अंगठा तीनदा सुकला आणि तीनदा चिघळला. चिमटे, शिंप्याचा उजवा अंगठा! कात्रीच्या कडीत जात नाही आता, इतका सुजलाय. गिऱ्हाईक कापड परत नेतंय. ते मात्र रोज संध्याकाळी येतात, हात पुढे करतात आणि माझ्याकडे बघून हसतात, जसं काही मी सगळं ठीक करणार आहे. मग माझ्या हातात जे होतं ते मी घातलं. ते म्हणतात ना, तुमच्या हाताला गुण आहे. तो गुण दाढेच्या गोळ्यांचा आहे, हे कुठल्या तोंडाने सांगू?

तुला शपथ आहे, त्यांना कळू देऊ नकोस. आणि त्यांना डॉक्टरणीकडे कसं पाठवायचं, एवढंच सांग.

आत्या


२ जुलै

चि. सौ. की कुमारी, माहीत नाही, चिमटीताई यांस,

मी तुमच्या आत्याबाईंच्या शेजारचा शिंपी. तुमचं नाव त्या चिमटी असंच सांगतात, खरं विचारायचं राहून गेलं. पत्ता तुमच्या चौकटीतल्या पत्राच्या पाकिटावरून घेतला. डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षराला हसू नये.

तुम्ही जंतूंमधल्या जाणकार, म्हणून एक विचारायचं आहे. माणसाने सुईने जखम उघडली तर कितपत बिघडतं?

लांबण लावत नाही. जूनमध्ये माझा अंगठा बरा झाला होता. बाई म्हणाल्या, "उद्यापासून यायची गरज नाही." मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजले आणि मला करायला काहीच नव्हतं. बारा वर्षं सहा वाजतच होते, पण इतके कधी वाजले नव्हते. मग मी सुई घेतली आणि खपलीचा एकच टाका उसवला. थोडासाच. बाई ओरडल्या, पट्टी बांधली, वीस मिनिटं बसवून ठेवलं.

असं तीन वेळा केलं. आता सुई लावायची गरज नाही, तो आपोआपच वाहतो. परवापासून ठणका कोपरापर्यंत जातो आणि काखेत गाठ लागते. अंगात कणकण आहे.

बाईंना वाटतं, त्यांच्या लेपात काही कमी पडतंय. रात्रंदिवस त्याच विचारात असतात, हे मला बघवत नाही. पण खरं सांगितलं तर त्या माझं तोंड बघणार नाहीत. तेव्हा त्यांना कळू न देता काय करावं, एवढं कळवावं.

आपला,
शिंपी


४ जुलै
(जलद टपाल. पाकिटावर आत्याचं नाव.)

आदरणीय शिंपीकाका,

सा. न.

बिघडतं. खूप बिघडतं. काखेत गाठ आणि ताप म्हणजे अंगठ्याची गोष्ट अंगठ्यापुरती राहिलेली नाही. हे पत्र हातात पडताच, घातलेल्या कपड्यांनिशी, दवाखान्यात जा. दुपारचं जेवण राहिलं तरी चालेल. तुमचा फोन नंबर माझ्याकडे नाही, आणि आत्याच्या फोनवर हे बोलता येणार नाही, म्हणून जलद टपालाने लिहिते आहे.

तुम्ही स्वतःच सुईने खपली उसवत होता, आणि तेही आत्याने रोज पट्टी बांधावी म्हणून, हे मी आत्याला मुळीच सांगणार नाही. तुमचं गुपित माझ्यापाशी सुरक्षित आहे.

आपली,
चिमटी


४ जुलै
(जलद टपाल. पाकिटावर शिंपीकाकांचं नाव.)

प्रिय आत्या,

लेपात तू दाढेच्या गोळ्या खलून घातल्यास हे शिंपीकाकांना मी कशाला सांगू? पण डॉक्टरीणबाईंना मात्र सांगावंच लागेल, आणि आजच. कुठली गोळी, किती दिवस, सगळं. वरवर थोडं थोडं औषध लावत राहिलं की जंतू मरत नाहीत, त्यांना तालीम मिळते. तालीम मिळालेल्या जंतूंवर डॉक्टरांनी तीच गोळी दिली तर वेळ फुकट जाईल, आणि त्यांच्याकडे तेवढा वेळ नसेल.

डब्यातल्या उरलेल्या गोळ्या घेऊन जा. त्या अंगठ्याची तुला इतकी काळजी आहे, तर एकदा मान खाली घालायला काय हरकत आहे?

तुझी,
चिमटी


६ जुलै

चिमटे,

पाकिटं बदलली गं तुझी. आठ महिने रोज चिमट्याने कागदाचे कण उचलून बरोबर जागी ठेवतेस, आणि दोन पाकिटांत दोन पत्रं घालता आली नाहीत? तुझ्या बाबांना मी चांगली ओळखते, तू त्यांचीच मुलगी.

काल दुपारी पत्र आलं. "आदरणीय शिंपीकाका" वाचूनच घडी घालायला हवी होती. घातली नाही. शेवटपर्यंत वाचलं, आणि चपला न घालता त्यांच्या दुकानात गेले. ते दारातच उभे, हातात दुसरं पाकीट.

"तुमचं पत्र माझ्याकडे आलंय," ते म्हणाले.

"आणि तुमचं माझ्याकडे."

मशीनवर कुणाच्या तरी झग्याची एकच बाही लोंबत होती, तिच्याकडे बघत बसलो.

शेवटी मी म्हटलं, "सुईने?"

ते म्हणाले, "दाढेच्या?"

मग मात्र माझा तोल सुटला. "साठी उलटलेला माणूस, आणि स्वतःच्या अंगठ्याला टोचतो? मी इकडे झोप सोडली, देव पाण्यात घालायचे बाकी ठेवले, आणि तुम्ही रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून हसत होता! लाज नाही वाटली?"

"वाटत होती ना," ते म्हणाले, "म्हणून तर डावा हात पुढे केला नाही, उजवाच केला."

याचा अर्थ काय ते मला अजून कळलेलं नाही. पण बोलताना ते दाराच्या चौकटीला टेकले, आणि मी कपाळाला हात लावला तर भट्टी! मग भांडण तिथेच सोडलं आणि त्यांना धरून दवाखान्यात नेलं.

बाक भरलेला होता. तीच माणसं, तोच कंपाउंडर. मी रांग मोडून आत गेले, गोळ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. दार उघडंच होतं. माझा आवाज तुला माहीत आहे, तीस वर्षं चाळीस पोरांच्या वर्गावर कमावलेला. हळू बोलायला मला येतच नाही.

डॉक्टरीण हसली नाही. ती हसेल म्हणून मी आतल्या आत कंबर कसली होती, ती तशीच राहिली. तिने गोळीचं नाव लिहून घेतलं, किती दिवस ते विचारलं, अंगठ्याला चीर देऊन पू काढला आणि कापसाची काडी फिरवून नळीत घातली. म्हणाली, "हे मोठ्या इस्पितळात जाईल. रिपोर्ट येईपर्यंत ही सुई देते, ही गोळी देत नाही. आजी, हे तुम्ही सांगितलं नसतं, तर मी त्यांना नेमकी हीच गोळी दिली असती."

मी म्हटलं, "आजी म्हणू नका."

ती म्हणाली, "बरं. मग काय म्हणू?"

चिमटे, आता काय म्हणावं तिने? तू सुचव.

त्यांना तिथल्याच खाटेवर ठेवून घेतलं आहे. डॉक्टरीण म्हणाली, अंगठा राहील की नाही ते आज सांगता येणार नाही.

आत्या


८ जुलै

प्रिय आत्या,

पाकिटं चुकून बदलली. अगदी चुकून. शिंपीकाकांचं पत्र वाचून मी इतकी गडबडले की दोन्ही हात एकदम चालवले. माफ कर.

तू विचारशील म्हणून आधीच सांगते: इथे आलेल्या नमुन्यांवर मला नंबर दिसतो, आणि त्याचं काय झालं ते मी डॉक्टरांनाच सांगू शकते. बाबांनी विचारलं तरी नाही, तू विचारलंस तरी नाही. पण या आठवड्यात मी एकही प्लेट घाईत मोजलेली नाही, एवढं समज.

मॅडमना सगळं सांगितलं. पहिल्या खोट्यासकट. मला वाटलं, गेली नोकरी. मग म्हणाल्या, "महिनाभर वापरलेल्या प्लेटा निर्जंतुक करायचं काम तुझं." त्या कामाचा वास तुला पत्रातून पाठवता आला असता तर पाठवला असता, म्हणजे तुझं समाधान झालं असतं.

तुझी,
चिमटी


१३ जुलै

प्रिय चिमटे,

राहिला! अंगठा राहिला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन आला, मग कागद आला. डॉक्टरणीने आम्हाला दोघांना समोर बसवून दाखवला. दाढेच्या गोळीपुढे लिहिलं होतं: सहा. मला आता सहा म्हणजे काय ते कुणी सांगावं लागत नाही. इतके दिवस मी त्या अंगठ्याला जे लावत होते, त्याला टेकून ते मेले गप्पा मारत होते.

पण खाली एका जुन्या, साध्या औषधापुढे चोवीस. डॉक्टरणीने त्याच तासाला औषध बदललं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी सूज. नख गेलं, ते येईल म्हणते. कागदाच्या तळाशी तुझी सही होती. शिंप्यांनी ती वाचली आणि मला म्हणाले, "यांचं नाव चिमटी नाही तर!" बराच वेळ ते नाव वाचत बसले होते.

एक गोष्ट मात्र कबूल कर. माझ्या जुन्या लेपाने तो अंगठा पहिल्यांदा सुकलाच होता, यांनी उसवला नसता तर. म्हणजे लेप नापास नव्हता.

आत्या


१९ जुलै

आत्या,

अंगठा त्यांच्या शरीराने सुकवला होता. तुझा लेप शेजारी उभा होता, एवढंच. पण पट्टी तू रोज स्वच्छ बांधलीस, त्याचे मार्क मी देते.

उघड्या जखमेला पुन्हा लावलास तर मी स्वतः येऊन डबी जप्त करीन.

चिमटी


९ ऑगस्ट

प्रिय चिमटे,

तुझी जप्ती राहू दे. लेप आता फक्त भेगाळलेल्या टाचांना देते. झाकणावर डॉक्टरणीने स्वतः लिहून दिलं आहे: "उघड्या जखमेला नाही." जखम घेऊन कुणी आलं की मी त्याचं बखोट धरून दवाखान्यात पोचवते, आणि त्याच्या घरातल्या उरलेल्या गोळ्याही मागते. डॉक्टरीण म्हणाली, "बाई, तुमच्यामुळे माझी रांग दुप्पट झाली." बाई म्हणते आता. कंपाउंडर अजून आजीच म्हणतो, त्याला मी बघून घेईन.

शिंप्यांना मागच्या सोमवारी शेवटची पट्टी काढून घरी पाठवलं. कात्रीत अंगठा जातो. दुकान उघडलं. मंगळवारी काही आले नाहीत. बुधवारी नाहीत. गुरुवारी मी सहज म्हणून दार झाडायला बाहेर आले, तर त्यांच्या मशीनचा आवाज येत होता, पण ते एकाच जागी शिवत असल्यासारखा. मी आत आले. म्हटलं, बरा झालेला माणूस, त्याला काय काम माझ्याकडे?

काल संध्याकाळी घंटी वाजली. दार उघडलं तर शिंपी. इस्त्रीचा सदरा, केस ओले करून विंचरलेले, दोन्ही हात मागे.

मी ओरडलेच, "काय झालं? दाखवा हात!"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. उलटसुलट करून दाखवले. कुठे ओरखडासुद्धा नाही.

"काहीच झालं नाही," ते म्हणाले.

"मग?"

ते मानेपर्यंत लाल झाले होते. म्हणाले, "काही झालं नाही, म्हणून आलो."

आतमध्ये दूध उतू जात होतं, चिमटे. जाऊ दिलं.

तुझी,
आत्या